कोकणात न्यूरोफीडबॅक सुरू करताय? आधी एका खुर्चीचा हिशेब मांडा

न्यूरोफीडबॅक म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूलहरी पडद्यावर दाखवायच्या आणि हवी ती लहर वाढली की चित्र किंवा आवाजाचं बक्षीस द्यायचं. ही थेरपी रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळात सुरू करायची असेल, तर स्वतंत्र सेंटर काढू नका. चालू असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या किंवा बालविकास केंद्राच्या जागेत एक खुर्ची टाका. यंत्र विकणारे जगभरच्या बाजाराचे मोठाले आकडे दाखवतात. त्यात घरगुती हेडबँड, हॉस्पिटलची उपकरणं, सॉफ्टवेअर असं बरंच काही धरलेलं असू शकतं. चिपळुणातल्या गाळ्याचं भाडं सुटेल का, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं वेळापत्रकावरून.

एका सेशनमध्ये प्रत्यक्ष ट्रेनिंग 30 मिनिटांचं. इलेक्ट्रोड लावायला 15 मिनिटं, काढून पुसून नोंद करायला आणखी 15. म्हणजे तासाला एक जण. येणारी बहुतेक मुलं शाळकरी, तेव्हा दुपारी 4 ते रात्री 8 एवढाच वेळ कामाचा. दिवसाला 4, आठवड्याचे 6 दिवस, झाली 24 सेशन. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा बोलवायचं तर एका खुर्चीवर 12 मुलं बसतात, तेरावं नाही. शिमगा, गणपती, दिवाळी, परीक्षा आणि मे महिना वजा करून वर्षाचे 40 आठवडे धरा: 960 सेशन. पावसाळ्यात दांड्या पडणारच, म्हणून हजेरी 75 टक्के धरली तर 720.

आता नमुन्यादाखल फी 800 रुपये धरू. वर्षाची जमा 5,76,000. भाडं महिना 10,000 आणि मदतनीस 15,000 मिळून वर्षाला 3 लाख. यंत्र आणि लॅपटॉपचे 3 लाख पाच वर्षांत वाटले की 60,000. वीज, पेस्ट, इलेक्ट्रोड 60,000. सॉफ्टवेअर आणि मेंटॉरची (कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी तज्ज्ञाची) फी 40,000. हातात उरतात 1,16,000, म्हणजे महिन्याला दहा हजारसुद्धा नाहीत. हीच खुर्ची चालू क्लिनिकमध्ये असेल तर भाडं आणि मदतनीस आधीच भागलेले असतात आणि 4,16,000 उरतात. तुमच्या गावचे आकडे घालून बघा. सगळा खेळ भाडं आणि हजेरी या दोनच गोष्टींवर आहे.

मागणीही मोजून घ्या. 30 सेशनचा कोर्स आठवड्याला दोनने 15 आठवडे चालतो. बारा जागा सतत भरलेल्या ठेवायला वर्षाला साधारण 32 नवी कुटुंबं लागतात, तीही शेवटपर्यंत टिकणारी. गुहागरहून चिपळूण सुमारे 45 किलोमीटर. आठवड्यातून दोनदा मुलाला एसटीने आणायचं तर आईचा अर्धा दिवस मोडतो, आणि आठव्या-दहाव्या सेशनला मूल यायचं थांबतं. म्हणून जाहिरात पूर्ण जिल्हाभर न करता तासाभराच्या अंतरातल्या शाळा आणि बालरोगतज्ज्ञांपुरतीच ठेवा.

बाजाराचं पुढचं चित्र ठरवणारी खरी गोष्ट म्हणजे पुरावा. बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून 12 ते 15 हर्ट्झची एसएमआर (सेन्सरीमोटर ऱ्हिदम) लहर पुढे आणली, तेव्हापासून या पद्धतीकडून अपेक्षा मोठ्या आहेत. पण 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेली 7 ते 10 वर्षांची 144 मुलं होती. खरं न्यूरोफीडबॅक घेणारी आणि नकली घेणारी, दोन्ही गटांतली मुलं सुधारली, गटांत फरक दिसला नाही. डिसेंबर 2024 मध्ये जामा सायकिअ‍ॅट्रीत 38 चाचण्यांचा आणि 2,472 जणांचा एकत्रित आढावा आला. एडीएचडीच्या लक्षणांत सरासरीने अर्थपूर्ण फायदा त्यातही आढळला नाही. हे पालकांपासून लपवून धंदा उभा केलात तर एक चिकित्सक बालरोगतज्ज्ञ तो एका वाक्यात बंद करेल. फी घ्या ती समुपदेशन, झोपेची शिस्त, पालक-प्रशिक्षण यांच्या जोडीचा सराव म्हणून. ‘औषध सुटेल’ असं कधीही सांगू नका.

फलकावर काय लिहिता यालाही कायदा लागतो. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो. त्या यादीत अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार आहे, तेव्हा ‘फिट्स कायमच्या बंद’ हे शब्द नकोत. निदान करायला पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. न्यूरोफीडबॅकचं नावाजलेलं प्रमाणपत्र बीसीआयए ही अमेरिकी संस्था देते: 36 तासांचा अभ्यासक्रम, मेंटॉरच्या देखरेखीखालचं काम आणि परीक्षा. यंत्र घेताना वैद्यकीय उपकरण नियम 2017 खालचा परवाना क्रमांक विक्रेत्याकडून लेखी मागा. सुरुवातीला दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. 19 चॅनेलची टोपी घ्यायचा आग्रह होतो, पण ती नीट लावायला आणि तिचा क्यूईईजी (मेंदूलहरींचा आकड्यांतला नकाशा) वाचायला वेगळं शिक्षण लागतं.

कोकणात यंत्रापेक्षा जास्त त्रास वीज आणि हवा देतात. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट बसत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखी बिघडतं, आणि पडद्यावर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची जाड पट्टी दिसते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. 2-3 व्होल्टच्या वर गेलं तर कोळसा-मीठ घालून खड्डा नव्याने भरा, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडा. सेशनच्या वेळी लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवर चालवा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर टाळा. आणि परदेशी सॉफ्टवेअरमधला विजेची ही पट्टी गाळणारा नॉच फिल्टर बऱ्याचदा 60 हर्ट्झवर ठेवलेला असतो, तो पहिल्याच दिवशी 50 वर आणा.

दुसरा शत्रू खोबरेल तेल. पालकांना आदल्या दिवशीच मेसेज करा: केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. तेलकट टाळूवर पेस्ट धरत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा, अर्ध्यावर खूण करा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजून त्याचा मध्य काढा. दोन्ही मध्य जिथे छेदतात तो डोक्याच्या माथ्यावरचा सीझेड बिंदू. तिथले केस बाजूला करून खरखरीत जेलने हलके चोळा, जेल पुसा, मग वाटाण्याएवढी पेस्ट. एका कानाच्या पाळीवर रेफरन्स, दुसरीवर ग्राउंड. तिन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे हवेत. सोनं आणि चांदी मिसळली की रेषा सरकत राहते. इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) 5 किलोओहमच्या खाली आल्याशिवाय सुरू करू नका. मुलाला डोळे मिचकावायला आणि दात आवळायला सांगा. पडद्यावर त्या क्षणी उसळी दिसली पाहिजे. घामाने रेषा हळूहळू वरखाली तरंगते, म्हणून जूनपर्यंत एसी लागतोच.

ट्रेनिंग 3 मिनिटांच्या 10 फेऱ्यांत करा. एसएमआरचं बक्षीस 60 ते 70 टक्के वेळा मिळेल अशी मर्यादा सेशनच्या सुरुवातीला ठरवा आणि तीच ठेवा. मर्यादा आपोआप बदलणारी सोय चालू राहिली, तर मूल काहीही न शिकता तेवढीच बक्षिसं घेत बसतं, आणि आलेखही छान दिसतो. 22 ते 30 हर्ट्झची पट्टी वाढली की ती बहुधा जबड्याच्या स्नायूंची असते, मेंदूची नाही.

संध्याकाळी इलेक्ट्रोड कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, पिन भिजू देऊ नका. खारी हवा पिनांवर हिरवट थर आणते, म्हणून सुकवून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते कमी आचेवर तापवून पुन्हा वापरा.

फी 30 सेशनची एकरकमी घेऊ नका. दहाचा टप्पा ठेवा, पहिल्या दिवशी आणि दहाव्या सेशननंतर पालक व शिक्षक दोघांकडून तीच प्रश्नावली भरून घ्या. शिक्षकाचा कागद हलला नसेल तर पुढचे पैसे घेऊ नका. फिट्स येणाऱ्या मुलाला न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीशिवाय खुर्चीवर बसवू नका. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक खोलीत ठळक लावून ठेवा.