जुनी मोटरसायकल घाटात तापते, तेव्हा दोष कसा शोधावा

कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना हवेवर थंड होणारे जुने इंजिन गरम होणारच. पण गाडीची ओढ कमी झाली, थ्रॉटल पिळताच हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) खडखड ऐकू येऊ लागली किंवा सपाटीला आल्यावरही इंजिन निवले नाही, तर दोष आहे असे समजावे. मात्र इंजिन खोलण्याची घाई करू नये, कारण पुष्कळदा कारण बाहेरच सापडते.

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच थांबत असेल तर ब्रेक धरतो आहे किंवा चेन फार ताणलेली आहे. मग सिलिंडरच्या फिन्स, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या, पाहाव्यात. आपल्याकडे पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल त्या फटींत भरतो आणि वाळून घट्ट बसतो. तो थंड इंजिनवरच ब्रशने काढावा. तापलेल्या हेडवर पाणी कधीही मारू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी तपासावे. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) आट्यांत न पिळता नुसती टेकवून पाहतात. ऑइलला करपट वास येत असेल आणि इंजिनचा आवाज चढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच स्लिप होतो आहे, म्हणजे घसरतो आहे.

खरी माहिती स्पार्क प्लग देतो. रिकाम्या, सरळ चढावर थ्रॉटल मोठा ठेवून गाडी चालवावी, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि निवल्यावर प्लग काढावा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरेफटक असेल तर बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) कचऱ्याने तुंबलेला असतो किंवा मॅनिफोल्डचे, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचे, रबर तडकलेले असते. इंजिन आयडलवर ठेवून त्या जोडावर साबणाचे पाणी थेंबथेंब सोडावे. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे. शिवाय हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, आणि जुना कार्बोरेटर त्यानुसार स्वतःहून पेट्रोल वाढवू शकत नाही, म्हणून त्याची ट्यूनिंग नव्याने तपासून घ्यावी.

एवढे करूनही ताप राहिला तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले आहे का ते पाहावे, आणि थंड इंजिनवर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, फट मोजावी. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही हे नेहमीच चांगले लक्षण नसते: ते टाईट असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. कार्बन काढण्यासाठी हेड उतरवण्याचा विचार यानंतरच करावा.