गच्चीवर सोलर बसवताना

आमच्या सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण बोअरचं पाणी जड. म्हणून पाणी तापवायचा सोलर घ्यायच्या आधी पाणी बघा. आम्ही काचेच्या नळ्यांचा घेतला. तिसऱ्या वर्षी पाणी कोमट यायला लागलं म्हणून नळ्या उतरवल्या, तर तळाशी पांढऱ्या क्षाराचे खडे खुळखुळत होते. जड पाण्याला हीट एक्स्चेंजरवालाच घ्या, म्हणजे ज्यात वापरायचं पाणी थेट उन्हात न तापता आतल्या वेगळ्या, बंद पाण्याच्या उष्णतेवर तापतं असा. नळ्यांचा असेल तर दरवर्षी धुवा, तेही सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी पडलं की ती तडकते.

चौघांना १०० ते १५० लिटर पुरतं. तोंड दक्षिणेला, सावली कशाचीच नको. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, हे प्लंबरला आधीच बजावा.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते पाइपाकडे. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याच्या पाइपाला इन्सुलेशन गुंडाळून घ्याच. तरी सकाळी आधी गार पाणी येतं. ते मी बादलीत धरते, भांड्यांना होतं.

पावसाळ्यापुरता गिझर राहू द्या. २००० वॅटचा तासभर तापला तर २ युनिटं जातात, म्हणून आंघोळीच्या थोडंच आधी लावा.