नवं संयुग प्रतिरोधी एचआयव्हीवर चालतं का, हे कसं तपासायचं

एकाच प्लेटवर दोन विषाणू घ्या: मूळ एनएल४-३ (प्रयोगशाळेतला नेहमीचा एचआयव्ही) आणि त्यातच एखादा प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणारा बदल घातलेला. ईसी५० म्हणजे संसर्ग निम्म्यावर आणणारं औषधाचं प्रमाण. प्रतिरोधी विषाणूचं ईसी५० भागिले मूळ विषाणूचं ईसी५० म्हणजे ‘फोल्ड चेंज’. कालच्या मूळ विषाणूशी आजच्या प्रतिरोधी विषाणूची तुलना करू नका; दोन-तीनपट फरक नुसता दिवस बदलला तरी पडू शकतो.

पहिल्या फेरीला एन्व्ह (बाहेरच्या आवरणाचं) जनुक निकामी केलेला, ल्युसिफरेज (संसर्ग झालेल्या पेशीत प्रकाश देणारं विकर) असलेला, एकदाच संसर्ग करणारा विषाणू पुरतो. त्याचं प्लास्मिड (डीएनएचं वर्तुळ) व्हीएसव्ही-जीच्या, म्हणजे दुसऱ्या एका विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या, प्लास्मिडसोबत २९३टी या मानवी पेशींत घाला आणि ४८ तासांनी विषाणू असलेलं वरचं द्रव ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला संसर्ग करायच्या १०,००० पेशी, हा विषाणू आणि संयुगाची तीन-तीनपट विरळ केलेली १० प्रमाणं, प्रत्येकाच्या ३ वेल. संयुग विरघळवणारं डीएमएसओ सगळीकडे सारखं, ०.५ टक्क्याच्या आत. कडेच्या वेलमधलं द्रव लवकर उडतं, तिथे फक्त पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण) भरा.

दोन्ही विषाणूंचं प्रमाण मात्र पी२४ (विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन) मोजून सारखं करू नका. के६५आर, एम१८४व्ही यांसारखे प्रतिरोधी बदल असलेले विषाणू मुळात अशक्त. तितक्याच पी२४मध्ये संसर्ग कमी होतो. औषधाविना मिळणारा प्रकाश जुळवा, तोही सरळ रेषेत वाढणाऱ्या टप्प्यातच.

प्लेटवर विश्वास ठेवण्याआधी जुनी औषधं चालवा. एम१८४व्हीसमोर लॅमिव्ह्युडिनचा फोल्ड चेंज शंभराच्या वर जायला हवा, झिडोव्ह्युडिनचा वाढता कामा नये. के१०३एन या दुसऱ्या प्रतिरोधी बदलासमोर एफाव्हिरेन्झ साधारण वीसपट घसरतं. हे दिसलं नाही तर नव्या संयुगाचे आकडे वहीत उतरवूच नका.

फसगत इथे होते. संयुगाने पेशी मेल्या तरी प्रकाश घटतो, म्हणून सीसी५० (निम्म्या पेशी मारणारं प्रमाण) त्याच पेशींवर काढा. काही संयुगं थेट ल्युसिफरेजच रोखतात. कायम ल्युसिफरेज बनवणाऱ्या पेशींवर तेच संयुग घालून पाहा. व्हीएसव्ही-जीमुळे विषाणू सीडी४ (एचआयव्ही ज्याला चिकटून पेशीत शिरतो ते प्रथिन) न वापरता आत शिरतो, त्यामुळे प्रवेशरोधक औषध इथे निष्प्रभ दिसेल. प्रोटिएज (विषाणूला पक्व करणारं विकर) रोखणारं औषध तर विषाणू तयार होताना, म्हणजे २९३टी पेशींतच घालावं लागतं.

फोल्ड चेंज १० आला म्हणून संयुग टाकून देऊ नका. ५० टक्के मानवी सीरममध्ये ईसी५० पुन्हा काढा. ते बरंच वाढलं तर औषध प्रथिनांना चिकटतंय. प्रतिरोधी विषाणूचा, सीरम धरून काढलेला ईसी९५ (९५ टक्के संसर्ग रोखणारं प्रमाण) हा दोन डोसांच्या मधल्या रक्तातल्या किमान पातळीच्या खाली राहतो का, हे बघा. दहापट घसरूनही तो खाली राहत असेल, तर संयुग पुढे न्यायला हरकत नाही.

एनएल४-३ हा बी उपप्रकार. भारतात प्रामुख्याने सी उपप्रकार आढळतो आणि प्रयोगशाळेत त्यात के६५आर लवकर उगवलेला दिसला आहे. म्हणून सी उपप्रकाराचे विषाणू उशीर न करता दुसऱ्या फेरीतच घ्या. ते जिवंत, पूर्ण विषाणू असतील तर काम बीएसएल-३मध्येच (तिसऱ्या सुरक्षा-पातळीच्या जैव प्रयोगशाळेत).