जाड भिंतींच्या घरात वाय-फायची रेंज: यूएसबी ॲडॅप्टर आणि अँटेना कसा निवडावा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या असून त्यांची जाडी दीड हाताच्या खाली कुठेच नाही. पुढच्या सोप्यात राउटर आणि मागच्या खोलीत संगणक अशी मांडणी असल्यामुळे मध्ये अशा दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि उन्हाळाभर पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर येतो. या खोलीसाठी मी दोन लांब दांड्यांचा, दिसायला मोठा रुबाबदार असा यूएसबी ॲडॅप्टर विकत आणला, टेबलाखालच्या संगणकाच्या पाठीमागे खोचला, आणि रेंज होती तेवढीच राहिली. पुढे दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर आणून तोच ॲडॅप्टर दाराच्या चौकटीशेजारच्या फळीवर ठेवला, तेव्हा उणे ७८ डीबीएमवर (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) अडकलेला सिग्नल उणे ६५ वर आला. ॲडॅप्टरच्या मानाने त्या वायरीची किंमत किरकोळ होती. तेव्हापासून कोणी विचारले की मी एकच क्रम सांगतो: आधी जागा, मग ॲडॅप्टर आणि सर्वांत शेवटी अँटेना. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो, कारण अँटेना डोळ्यांत भरतो.

आधी मोजमाप करावे

संगणकाच्या कोपऱ्यातल्या रेघांवरून काही ठरवू नये. एक रेघ कमी-जास्त होईपर्यंत सिग्नल कित्येक पटींनी बदललेला असतो. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर या प्रकारातले एखादे मोफत ॲप घ्यावे आणि त्यात दिसणारा डीबीएमचा आकडा वाचावा. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालतो. उणे ७० च्या पुढे अडखळणे सुरू होते आणि उणे ८० ला जोडणी केवळ नावापुरती उरते. येथे ३ डीबीचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती, १० डीबीचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात ठेवले की वर सांगितलेला १३ डीबीचा फायदा सुमारे वीसपट शक्तीचा होता हे कळते.

मोजताना मोबाइल हातात धरून खोलीच्या मध्यभागी उभे राहण्याऐवजी, ॲडॅप्टर प्रत्यक्ष जिथे बसवता येईल अशा चार-पाच जागी तो ठेवावा: टेबलावर, टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, दाराच्या चौकटीजवळ, कपाटाच्या डोक्यावर. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून आकडा कागदावर लिहावा. वाय-फायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात तर कुठे मारतात, त्यामुळे वीतभर सरकवल्यावरही आकडा पाच-सात डीबीने हलू शकतो. मोबाइलचा आणि ॲडॅप्टरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. परंतु कोणती जागा चांगली आणि कोणती वाईट, हे दोन्हींतून बहुधा सारखेच कळते.

या मोजमापात एक वेगळीच गोष्ट उघड होण्याची शक्यता असते. सिग्नल उणे ५५ आहे, तरीही वेग मिळत नाही, असे दिसले तर दोष रेंजचा नसून बहुधा गर्दीचा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे तीनच चॅनेल असतात आणि जुळे सोलापुरातल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये त्यांवर वीस-पंचवीस राउटर बसलेले सहज दिसतात. अशा ठिकाणी मोठा अँटेना लावल्यास शेजाऱ्यांचा गोंगाटही तितकाच मोठ्याने ऐकू येतो. तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाणे हाच उपाय आहे.

पट्टा कोणता

५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१८ च्या अधिसूचनेने बऱ्याच मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाला. तो रुंद आहे, मोकळा आहे आणि वेगवान आहे. मात्र त्याची लहर दगडी भिंतीत लवकर दमते. त्यामुळे आमच्या पेठेतल्यासारख्या घरात मागच्या खोलीला २.४ वरच भागवावे लागते, तर विटांच्या अर्ध्या फुटी भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ सुरेख चालतो. दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड, ॲडॅप्टर घ्यावा, केवळ २.४ चा घेऊन वाचणारे पैसे नंतर खटकतात.

पाणी आणि पत्रा यांचा विचार सोलापुरात विशेष करावा लागतो. कूलरच्या टाकीतले पाणी लहरी शोषून घेते आणि त्याचे पत्र्याचे अंग त्या परतवते, त्यामुळे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ठीक चालणारी जोडणी एप्रिलमध्ये बिघडली तर आधी खिडकीत काय आले ते पाहावे. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर भिंतीतून काहीच पार होत नाही. लहर येते ती दारातून, झरोक्यातून आणि खिडकीतून. अशा शेडमध्ये ॲडॅप्टर त्या उघड्या जागेच्या समोर आणला पाहिजे, एवढाच त्यावर इलाज आहे.

ॲडॅप्टर निवडताना

नखाएवढे जे नॅनो ॲडॅप्टर मिळतात ते राउटर त्याच खोलीत असेल तरच घ्यावेत. त्यांचा अँटेना म्हणजे आतल्या पट्टीवर छापलेली काही मिलिमीटरची रेघ असते, आणि ती संगणकाच्या लोखंडी पेटीला अगदी चिकटून बसते. दूरच्या खोलीसाठी बाहेरचा आणि शक्यतो काढता येणारा अँटेना असलेला ॲडॅप्टर पाहावा. अँटेना फिरवून निघतो का, हे दुकानातच करून पाहावे; पुष्कळ स्वस्त नगांवरची दांडी कायमची चिकटवलेली असते, आणि काहींमध्ये तर दोन दांड्यांपैकी एक केवळ शोभेची निघते.

खोक्यावरचे मोठे आकडे दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतात. एसी ६०० म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३ मेगाबिट. एसी १२०० म्हणजे ३०० आणि ८६७. ॲडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, म्हणून ही बेरीज कोणालाच मिळत नाही, आणि भिंतीपलीकडे तर त्यातला निम्मा वाटाही मिळत नाही. तरीही एसी १२०० ला माझी पसंती आहे. त्यात पाठवण्या-घेण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असतात आणि अडथळ्यांच्या घरात एक मार्ग दबला तरी दुसरा टिकून राहतो. वाय-फाय ६ या नव्या पिढीचे ॲडॅप्टर चांगले आहेत. पण राउटर आधीच्या पिढीचा, म्हणजे वाय-फाय ५ चा असेल तर जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

आतली चिप कोणती, हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक दुकानदार कोऱ्या चेहऱ्याने पाहतात, तरी तो विचारावा. विंडोजवर रिअलटेक आणि मीडियाटेक या दोन्हींच्या चिप चालतात. लिनक्स वापरणाऱ्याने मात्र मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू चिप असलेला नग शोधावा, कारण त्यांचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतात. इतर काही चिपसाठी प्रत्येक अपडेटनंतर ड्रायव्हर नव्याने बसवत राहण्याची वेळ येते. काही ॲडॅप्टर पहिल्यांदा लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. तो बिघाड नसतो, ड्रायव्हर त्यातच ठेवलेला असतो.

‘हाय पॉवर’ अशा शब्दाला भुलू नये. ॲडॅप्टर मोठ्याने ओरडू लागला म्हणून राउटरचे बोलणे त्याला अधिक ऐकू येत नाही. अँटेना मात्र बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारतो, म्हणून खर्च करायचाच तर तिथे करावा. भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. खोक्यावर ईटीएचा, म्हणजे या मान्यतेचा, उल्लेख नसलेला, नाव-गाव नसलेला नग टाळावा.

वायर कोणती लांबवावी

ॲडॅप्टर चांगल्या जागी न्यायचा तर दोन मार्ग दिसतात: अँटेनाची वायर लांबवणे किंवा यूएसबीची. पहिला मार्ग जवळपास नेहमीच चुकीचा असतो. अँटेनाच्या बारीक कोॲक्स वायरीत २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे दीड-दोन डीबी वाया जातात, म्हणजे तीन मीटरच्या वायरीत ५ डीबीआय (अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचे माप) अँटेनाची सगळी कमाई संपते. यूएसबीच्या वायरीतून आकडे जातात, त्यामुळे वायर मर्यादेत आहे तोवर तिथे अशी घट होत नाही. यूएसबी २ साठी ही मर्यादा ५ मीटर आहे. परंतु बारीक तारेच्या लांब वायरीत व्होल्टेज पडून ॲडॅप्टर मध्येच तुटू लागतो, म्हणून दीड ते दोन मीटरची जाड, शील्ड असलेली वायर घ्यावी.

यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टबद्दल एक खोच आहे. त्या पोर्टमधून आणि त्याच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट बाहेर पडतो, आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ॲडॅप्टरची रेंज डोळ्यांदेखत घसरते. २.४ वर काम करायचे असेल तर ॲडॅप्टर काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावावा. भिंतीपलीकडे मिळणाऱ्या वेगाला ४८० मेगाबिटची क्षमता भरपूर होते.

अँटेना

दांडीचा अँटेना शक्ती निर्माण करत नाही. वर-खाली वाया जाणारी लहर दाबून तो ती आडवी पसरवतो; डीबीआयचा आकडा जितका मोठा तितकी ती चपाती पातळ लाटली जाते. त्यामुळे राउटर तळमजल्यावर आणि आपण बरोबर त्याच्या डोक्यावर असलो तर ९ डीबीआयची उंच दांडी २ डीबीआयच्या बुटक्या दांडीपेक्षा वाईट ठरू शकते. अशा वेळी दांडी आडवी करून पाहावी. एकाच मजल्यावर असल्यास राउटरची आणि ॲडॅप्टरची दांडी दोन्ही उभ्या ठेवाव्यात. एक उभी आणि एक आडवी असेल तर विनाकारण नुकसान होते.

आकडा खरा की खोटा हे लांबीवरून ओळखता येते. २.४ गिगाहर्ट्झसाठी ५ डीबीआयची दांडी साधारण वीस सेंटिमीटर आणि ९ डीबीआयची जवळजवळ चाळीस सेंटिमीटर लांब असते. बोटाएवढ्या दांडीवर १२ डीबीआय छापलेले दिसले तर ती छपाईची करामत समजावी. जोडणीचा प्रकारही तपासावा: वाय-फायच्या सामानावर बहुधा आरपी-एसएमए असते, साध्या एसएमएचा आटा तिला बसतो, पण मधली सुई आणि भोक उलट असल्यामुळे संपर्कच होत नाही. ‘घट्ट बसला, पण रेंज शून्य’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

राउटर एका ठरावीक दिशेला आणि दूर असेल, उदाहरणार्थ घर आणि अंगणापलीकडचे मागांचे शेड, तर दिशादर्शी पॅनेल अँटेना घ्यावा. तो समोरचे नेमके ऐकतो आणि बाजूचा गोंगाट सोडून देतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी स्वयंपाकघरातला एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. खोलगट ॲल्युमिनियमची कढई घ्यावी. तिच्या व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या सोळापटीने भागावे. जे उत्तर येईल तितक्या अंतरावर, तळापासून मोजून, लहरी एकवटतात. ३२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ८ सेंटिमीटर खोल कढईसाठी उत्तर ८ येते, म्हणजे नेमकी काठाची पातळी. एक्स्टेंशन वायरीच्या टोकाला साधा, बिनदांडीचा ॲडॅप्टर लावून तो त्या जागी बांधावा, कढईचे तोंड राउटरच्या बाजूच्या दाराकडे करावे आणि आकडा पाहत हळूहळू फिरवावे. कढई काही पक्की पॅराबोला नसते, म्हणून ॲडॅप्टर एक-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करून पाहावा लागतो. आमच्याकडे या प्रयोगाने सहा डीबी मिळाले. कढई मात्र संध्याकाळी परत मागितली गेली.

बसवताना

ॲडॅप्टर लोखंडी कपाट, फ्रीज आणि भिंतीतल्या सळयांपासून हातभर दूर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवावा. दुहेरी चिकटपट्टी सोलापूरच्या उन्हाळ्यात वितळून सोडते, त्यामुळे छोटा खिळा आणि नायलॉनची पट्टी वापरावी. पत्र्याखाली किंवा थेट उन्हात तो ठेवू नये; चिप तापली की वेग उतरतो. दांडी माळवदावर उघड्यावर उभी करू नये, कारण वळवाच्या पावसात कडाडणारी वीज वायरीच्या वाटेने संगणकापर्यंत येऊ शकते.

बसवून झाल्यावर त्याच जागी सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजावा. हे सगळे करूनही आकडा उणे ७५ च्या पलीकडेच राहत असेल तर दुसरा ॲडॅप्टर आणण्याऐवजी शंभर मीटरपर्यंत चालणारी कॅट ५ई ही नेटवर्कची केबल राउटरपासून संगणकापर्यंत भिंतीच्या कडेने ओढून घ्यावी आणि ॲडॅप्टर मुदतीच्या आत दुकानात परत करावा. त्यासाठी खोके आणि बिल फेकलेले नसावे.