जुनी मारुती ८०० हौसेने दुरुस्त करताना

मारुती ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन रचनेने साधे असल्यामुळे हौशी माणसाने पहिला हात याच गाडीवर बसवावा. कोल्हापुरात मात्र इंजिनाआधी पत्रा पाहावा. येथील पावसाळ्यात मॅटखाली मुरलेले पाणी लवकर सुकत नाही आणि वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून चाळण झालेली असू शकते. मॅट व सीट काढून फ्लोअर, दरवाज्यांखालचा पत्रा आणि बॅटरीचा ट्रे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. आवाज बद्द आला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. नुसती पुटी भरून रंग देणे ही स्वतःचीच फसवणूक होय. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत.

त्यानंतर कूलंटचे होज (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या रबरी नळ्या) व ब्रेक ऑइल बदलावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, कधी बदलला हे ठाऊक नसेल, तर तो संपला आहे असेच समजावे. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) मॉडेलमध्ये त्यातील बारीक छिद्रांचे जेट तारेने न खरवडता क्लीनर व हवेच्या दाबाने साफ करावेत, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बिघडते. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवर बसणारा वरचा भाग, सपाट करणे घरी होण्याजोगे नाही. त्यासाठी कोल्हापुरातील उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत गाठावी.