युद्धानुभवाची पुस्तके कशी वाचावीत

युद्धावरचे पुस्तक हाती घेणारा वाचक बहुधा शौर्यकथेच्या ओढीने येतो, आणि पन्नासेक पानांतच पलटणींची नावे, हुद्द्यांची उतरंड व अनोळखी गावे यांत अडकून पुस्तक बाजूला ठेवतो. हे टाळता येते. त्यासाठी लष्करी ज्ञान लागत नाही. सांगणारा कोण, तो त्या वेळी कुठे होता आणि त्याने हे कधी लिहिले, हे तीन प्रश्न पहिल्या पानापासून मनात असले म्हणजे पुरते.

सुरुवात एका युद्धाच्या एखाद्या लहानशा भागापासून करावी. संपूर्ण दुसरे महायुद्ध कोणालाच एकदम कवेत घेता येत नाही. कोल्हापूरकरांना मात्र त्यात शिरण्यासाठी शहराजवळच्या वळिवडे गावाची वाट अगदी जवळची आहे. सोव्हिएत राजवटीने १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी काही सुटकेनंतर इराणमार्गे भारतात आली, आणि त्यांतील सुमारे ५,००० जण, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून युद्ध संपल्यानंतरही काही काळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आज कापडखरेदीसाठी जेथे गर्दी लोटते ते गांधीनगर त्याच परिसरात वसले आहे, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक आहे. छावणीत वाढलेल्या मुलांनी उतारवयात आपल्या आठवणी लिहिल्या. त्या वाचताना हे ध्यानात ठेवावे, की मुलाला भूक कळते, आईचा चेहरा कळतो, आगगाडीच्या डब्यातली थंडी कळते. आपल्याला कोणत्या करारामुळे सोडले, हे त्याला तेव्हा कळलेले नसते. तेवढा भाग इतिहासाच्या पुस्तकातून भरून घ्यावा आणि मग आठवणींकडे परत यावे.

दुसरे काम वहीचे. पुस्तक सुरू करताना वहीत दोन साले शेजारीशेजारी लिहावीत, एक घटनेचे आणि एक लेखनाचे, कारण त्या दोहोंमधले अंतर पुस्तकाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशीराज पंडित त्या वेळी प्रतिपक्षाच्या गोटात हजर होता, पण त्याने आपली हकिकत लिहिली ती १७८० च्या सुमारास. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी तर १९८८ ची. कादंबरी आधी वाचली तरी बिघडत नाही. माणसांशी नाते जडते ते तिच्यामुळेच. मात्र एखाद्या सरदाराच्या मनातले विचार वाचताना ते कादंबरीकाराने रचलेले आहेत, आणि हजर असलेल्या माणसालाही ते कळण्याचा मार्ग नव्हता, याचे भान सुटू देऊ नये. पत्रांचे आणखी वेगळे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी धाडलेली पत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात, आणि लिहिता न येणारे शिपाई ती दुसऱ्याकडून लिहवून घेत. तेव्हा अशा पत्रात काय लिहायचे टाळले असेल, याचाही विचार करावा.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : एकाच प्रसंगावर वेगवेगळ्या हुद्द्यांच्या माणसांनी लिहिलेले वाचणे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने ब्रिटिश-हिंदी सैन्याला घातलेला वेढा यासाठी उत्तम आहे. वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात शिधा घटत गेला, घोडी मारून खाण्याची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते मांस दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर सेनापती टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले, तर शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले आणि त्यांतले हजारो कैदेत मेले. टाउनशेंड यांचे स्वतःचे पुस्तक १९२० मध्ये निघाले. सेनापतीच्या लेखनात धान्याचा साठा किती दिवस पुरेल याचा हिशेब असतो. शिपायाच्या बाजूने तोच हिशेब आजच्या भाकरीचा असतो. वाचताना वहीचे पान मधोमध दुमडावे, डावीकडे वरिष्ठाने अन्नाविषयी लिहिलेले आणि उजवीकडे शिपायाविषयी अन्यत्र मिळालेले टिपावे. उजवी बाजू बऱ्याचदा मोकळी राहील. ती मोकळीच ठेवावी, कल्पनेने भरू नये.

नकाशा जवळ असावाच. कुत हे तैग्रिस नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले गाव आहे, हे एकदा नकाशावर पाहिले की आत अडकणे इतके सोपे आणि बाहेर पडणे इतके अवघड का होते, हे उमगते.

संहाराची प्रकरणे एका बैठकीत संपवण्याचा अट्टहास करू नये. दोन-चार पानांवर थांबले तरी चालते.

पुस्तके शोधण्यासाठी १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आधी पाहावे. एवढे वाचन झाल्यावर माजी सैनिकांशी बोलावे. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणारी गावे आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांना “किती शत्रू मारले?” असे कधीही विचारू नये. “काका, घरचे पत्र किती दिवसांनी पोहोचायचे? जेवण कोण रांधायचे? सुट्टी मिळाली की गावापर्यंत कसे यायचात?” असे विचारावे. घरात काकू असतील तर त्या काळात शेत आणि मुले कोणी सांभाळली, हे त्यांनाही आवर्जून विचारावे, कारण ही बाजू छापील पुस्तकांत फारच कमी आली आहे. ते गप्प झाले तर पुढचा प्रश्न टाकू नये, आणि सांगितलेले लिहून ठेवायचे असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी.