पेटीवर जॅझ: 'ऑटम लीव्ह्ज'च्या कॉर्ड्स कशा ओळखाव्यात

मालवण-वेंगुर्ल्याकडे भजनाला पेटी धरणारे गावोगाव आहेत. जॅझ कानावर पडलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ह्याचो सा खंय?" प्रश्न अगदी योग्य आहे. रागात सा जागचा हलत नाही. जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलली की पायाखालचा सा बदलतो.

शिकायला संगीतकार जोसेफ कोस्माची 'ऑटम लीव्ह्ज' ही चाल घ्या. आधी टाळी देत लांबी मोजा: ३२ बार, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे केरव्याची १६ आवर्तनं. सोलो घेणारा कितीही लांब गेला तरी हे चक्र फिरतच राहतं आणि त्याला समेवर यावंच लागतं. हे अंगात मुरेपर्यंत पुढे जाऊ नका.

ई मायनर या पट्टीत पहिल्या तीन कॉर्ड्स आहेत ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन. त्यांचे सा, म्हणजे पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच (पांढऱ्या-काळ्या पट्ट्या सीपासून मोजायच्या), एकेक बार धरून मोबाईलवर रेकॉर्ड करा.

आता त्यावर प्रत्येक कॉर्डचे फक्त गंधार आणि निषाद वाजवा. कॉर्डचा स्वभाव याच दोघांत असतो. पहिलीला पांढरी पाच आणि तिच्या वरची पांढरी एक दाबा. दुसरीला पांढरी पाचवरचं बोट काळी तीनवर उतरवा, पांढरी एक तशीच ठेवा. तिसरीला काळी तीन धरून ठेवा आणि पांढरी एकवरून पांढरी सातवर या.

पांढरी एककडे नीट कान द्या. पहिल्या कॉर्डवर ती कोमल गंधार, दुसरीवर कोमल निषाद. तिसरीवर ती मध्यम होते आणि शेजारच्या गंधाराला टोचते, म्हणून उतरते. पेटीचा सूर लांबतो, त्यामुळे हे टोचणं पियानोपेक्षा स्पष्ट कळतं. मुद्दाम न उतरता धरून बघा.

(मुंबईची हॉटेलं गाजवणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गोव्यातल्या हळदोण्याचे. ही विद्या आपल्या किनाऱ्याला नवी नाही.)

मग सुरावट करा. दर बारच्या पहिल्या मात्रेवर त्या कॉर्डच्या गंधार-निषादापैकी एक स्वर यायला हवा, मधल्या जागा तुमच्या. सुरुवातीला मध्ये एकच स्वर पुरे. मोठ्या ताना इतक्यात नकोत. त्यात कॉर्ड कधी बदलली ते ऐकू येत नाही.

पुढे सी मेजर सेव्हनला पांढरी सात तशीच राहते आणि काळी तीन पांढरी तीनवर उतरते. तिथून चाल ई मायनरकडे वळते. त्या कॉर्ड्सही अशाच एकेक बोट उतरवत शोधा.